टिकलीखालचे अंतर

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून, त्यांवर कागदी देश चिकटवून मला घडवले. अकोटच्या जानरावांनी मला लेकीसाठी, सहावीतल्या गीतांजलीसाठी, घरी आणले.

मित्रांनो, ती मोठी होऊन टोरांटोला नोकरीला गेली. तेव्हा तिच्या आईने, पार्वताबाईंनी, आपली एक टिकली माझ्यावर अकोटच्या जागी लावली आणि दुसरी टोरांटोवर. गीतांजलीने मधे दोरा धरला. समुद्रावरून आडवा धरला तर तो लांब पडे. ताणला की आपोआप उत्तरेच्या बर्फाकडे सरके.

"हाच जवळचा रस्ता, आई. विमानाने दिल्लीपर्यंत चौदा तास."

मग ती यायला निघाली की पार्वताबाई टोरांटोची टिकली त्या वाटेने सरकवत आणायच्या.

"इमान तूच चालवून राहिली का?" जानराव चिडवायचे.

पुढे तिचे येणे लांबत गेले. माझ्यावर धूळ साचली.

या हिवाळ्यात डॉक्टरांनी पार्वताबाईंना घरी न्यायला सांगितले. पाण्याचा पेला पुढे केला की त्या ओठ मिटून घेत. शेवटचे पाणी लेकीच्याच हातचे, एवढेच त्यांचे मागणे होते. गीतांजली मिळेल त्या विमानाने निघाली. जानरावांनी धोतराच्या सोग्याने मला पुसले, खाटेजवळ ठेवले आणि बोटाने टोरांटोची टिकली सरकवू लागले.

"कुठलोक आली जी माही पोरगी?"

"बरफावर हाय."

"स्वेटर घातलं काय तिनं?"

जानरावांनी त्यांच्या अंगावरचे पांघरूण गळ्यापर्यंत ओढले.

टिकली दिल्लीवर आली. पार्वताबाईंचा श्वास लांब-लांब पडू लागला. मग फोन वाजला. गीतांजली नागपूरला उतरली होती. जानरावांनी टिकली पुढे ढकलली, तर ती थेट अकोटच्या टिकलीवर चढली.

"आली वं, आली! पाह्य, टिकलीले टिकली लागली!"

पार्वताबाईंनी डोळे उघडले. दाराकडे पाहिले. मिटलेले ओठ पाण्यासाठी उघडले.

दारात कोणी नव्हते.

माझ्या अंगावर नागपूर आणि अकोट एकाच टिकलीखाली मावतात, मित्रांनो. मधली अमरावती, दर्यापूर, अंजनगाव, तो सारा खड्ड्यांचा रस्ता मला दाखवता येत नाही. मला ओरडावेसे वाटले, तोंड नव्हते. जानरावांना चूक कळली तेव्हा ते बायकोचा हात धरून म्हणत राहिले, "थांब वं थोडीशी. मोटार निंगाली हाय. थोडीशीच थांब."

दाराकडे पाहता पाहताच पार्वताबाईंचे पाहणे थांबले.

गीतांजली आली. तिने पेला उचलून आईच्या ओठांना लावला. पाणी गालावरून उशीवर ओघळले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ जरूर पुसा. मला पुसाल तेव्हा मात्र वऱ्हाडावरच्या त्या दोन टिकल्या राहू द्या. आणि कोणी दूर तुमची वाट पाहत असेल, तर माझ्यावरचा दोरा मोजून निघू नका. आधीच निघा.