सान की सहाण

माईंच्या बोटाला चिंधी होती. सुरी बोथट असली की भाजीवरून सटकते आणि बोटात शिरते. गुडघ्यांमुळे माईंना विळीवर बसवत नाही. त्या स्टुलावर बसून फळीवर सुरीनंच चिरतात. चिंधीवरचा लाल ठिपका पाहून त्यांच्या सुनेनं, अनसूयेनं, ठरवलं, आज सुरीला धार लावायचीच.

लग्न होऊन वाईहून उज्जैनला आली त्याला तीन आठवडे झाले होते. मध्यभारताचं राज्य नुकतंच गेलं, मध्यप्रदेश आला, कचेरी भोपाळला हलली आणि तिच्यामागून नवरा श्रीकांतही. फ्रीगंजातल्या घरात ती, माई आणि सासरे भय्यासाहेब. इथली मराठी निम्मी हिंदी. रोज एखादा शब्द चुकायचा, दोघं हसायची. मायेनंच हसायची, पण हसू थांबलं की तिला घर आणखी परकं वाटायचं.

"भय्यासाहेब, सुरी टावर चौकातल्या चाकवाल्याकडे देऊ?"

"अरे नको! त्या ठिणग्या उडतात ना, ते आपलं लोखंड आहे. दोन वर्षांत सुरीची सुई करेल तो."

"मग पाट्यावर?"

"त्याला परवाच टाकी लावलीय. दाते पडतील सुरीला."

"आमच्याकडे चिनीमातीच्या बरणीच्या बुडावर घासतात."

"ते वरवरचं. ही तर पार गेलीय." भय्यासाहेबांनी पिशवी उचलली. "सान देवघराजवळ आहे, ती घे. पाणी शिंपड. सुरी जराशी तिरपी धर, खालून आगकाडी सरकेल एवढीच. दोन्ही अंगांनी सारखे हात. मी फुलं घेऊन येतो, मग स्नान अन् पूजा."

देवघरातली सहाण लाकडी कोंदणात बसवलेली होती, मधोमध चंदनानं पिवळी झालेली. अनसूयेचा हात क्षणभर अडखळला. देवाची सहाण, सुरीला? पण सान म्हणजे सहाणच असणार; वडीलधाऱ्यांनी सांगितलंय, आणि इकडची रीत वेगळी. पुन्हा विचारलं तर पुन्हा हसतील.

तिनं पाणी शिंपडलं. सुरी सरकू लागली आणि ओठांवर आपसूक ओवी आली:

धार लावीते सुरीला, हात फिरवी हळूहळू
नव्या घराची गं बोली, मला लागली कळू

"अगं बाई!"

न्हाणीतून आलेल्या माई दारातच थिजल्या.

"सहाणेवर? अगं, देवाच्या सहाणेवर?"

"भय्यासाहेबच म्हणाले, सहाण घे."

"सान म्हणाले ते! सान! धार लावायचा काळा दगड, देवघराजवळच्या फडताळातला!"

अनसूयेच्या हातातून सुरी गळून पडली. चंदनी दगडावर काळे चरे उठले होते, लोखंडाचं पाणी ओघळत होतं. चार पिढ्यांची सहाण. आता या घरात देवघराचा उंबरा कोण ओलांडू देणार? तिनं दगड कोंदणातून उपसला, धुवावा म्हणून उलटा केला.

खालच्या अंगालाही चरे होते. तसेच. जुने, तेलकट, खोल.

तिनं माईंकडे पाहिलं. माईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माई?"

माई स्टुलावर बसल्या. "सत्तावीस वर्षं झाली. मी साताऱ्याची. सासूबाई म्हणाल्या, सान घे. मी हीच घेतली. कुणी पाहिलं नव्हतं, उलटी करून बसवून टाकली."

"कुणी? काय उलटं केलं?"

भय्यासाहेब दारात उभे होते, झेंडूचा द्रोण हातात. त्यांनी सहाण घेतली, एक अंग पाहिलं, उलटवली, दुसरं पाहिलं. रोज सकाळी याच दगडावर गंध उगाळणारा माणूस भिंतीला टेकला.

"हे वरचं?"

"माझ्या हातून झालं," अनसूया म्हणाली. "मला वाटलं, मला कळलं."

"आणि हे खालचं?"

"माझं," माई म्हणाल्या.

"आईला माहीत होतं?"

"माहीत असतं तर मी आज इथे बसले असते?"

द्रोणातून पाणी ठिबकत राहिलं. भय्यासाहेबांनी बायकोच्या चिंधीकडे पाहिलं, सुनेच्या काळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. या घरात आलेल्या दोन सुनांना इथली बोली कळली नव्हती, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळत होतं.

"आता," ते म्हणाले, "गंध कुठल्या बाजूनं उगाळू?"

"माझ्या," माई म्हणाल्या. "तिची अजून ओली आहे."