सतरावी ओळ

मिरचीच्या सतराव्या ओळीवर कालिंदी सबनीसचा काही केल्या विश्वास बसेना.

चाळीस वाणांची रोपं तिनं ओळीनं लावली होती आणि रोगट पानांचा रस स्वतःच्या बोटानं एकेका पानावर चोळला होता. पंधरा दिवसांत एकोणचाळीस ओळींवर पिवळे डाग उमटले, पानं सुरकुतली. सतरावी मात्र टवटवीत! विषाणूला दाद न देणारं वाण सापडलं म्हणून कलकत्त्यातली तिची सगळी प्रयोगशाळा हरखली. कालिंदीच्या मनात पाल चुकचुकली.

संशय गुरुदत्तवर होता. तिचा हा मदतनीस कलकत्त्यातल्याच बागबाजारात जन्मलेला, बंगाली वळणाचं मराठी बोलणारा. वाण सापडलं तर योजना पुढे चालणार आणि त्याची हंगामी नोकरी कायम होणार. घरात तान्ही मुलगी. शिवाय रोपं ठेवलेल्या जाळीघराची किल्ली त्याच्याच खिशात. रोगट रोपं उपटून तिथं चांगली लावायला असा कितीसा वेळ लागतो?

तिनं प्रयोग पुन्हा केला, पण किल्ली आपल्या पर्समध्ये ठेवून. या खेपेला सतरावी ओळही पिवळी पडली. धरला लेकाला! गुरुदत्तला काढून टाकावं असं पत्र तिनं लिहिलं आणि त्याला समोर बोलावलं.

"पहिल्या खेपेला रस चोळला त्या दिवशी काय काय झालं? सगळं सांगा."

त्याचा चेहरा उतरला. त्यानं रोजची वही उघडली. "आठला तुम्ही सुरू केलं. दर ओळीनंतर साबणानं हात धुतला. सव्वाअकराला सोळावी संपली, मग चहा. मुलीच्या बारशाचा संदेश मी आणला होता, तुम्ही दोन खाल्लं. उशीर झाला म्हणून हात न धुता तशीच सतरावी घेतली, बाई. मग हात धुवून अठरावी."

कालिंदीनं वही ओढून घेऊन ती नोंद पुन्हा वाचली. दुधानं या विषाणूचा जोर मोडतो, हे तीच दरसाल नव्या लोकांना शिकवायची. आणि संदेश ही बंगाली मिठाई म्हणजे नासवलेल्या दुधाचाच गोळा, तोच तिच्या बोटांना लागलेला. खात्रीसाठी आणखी पंधरा दिवस लागणार होते, पण तिला काय ते कळून चुकलं. तिला स्वतःची शरम वाटली.

गुरुदत्तची नजर टेबलावरच्या पत्रावर होती. "संदेश आणायला नको होतं का, बाई?"

"चूक माझी आहे." तिनं पत्र फाडलं. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मुलीचं नाव काय ठेवलंत?"

"शकुन," तो म्हणाला. "त्या दिवशी सांगितलं होतं."