शाई लागलेला अंगठा

रविवारच्या पुरवणीत मी माझं स्वतःचं मरण वाचलं, तेव्हा मला एकोणसत्तरावं लागलं होतं आणि वाचायला येऊन तिसरं वर्ष चालू होतं.

मी गवंडी. चार वर्षांपूर्वी माझ्या डाव्या फुफ्फुसातली गाठ काढली. त्याआधी एका छापील कागदावर अंगठा द्यावा लागला. कागदावर काय लिहिलंय ते मला कळेना, आणि विचारायची लाज वाटली. बरा होऊन घरी आलो तेव्हा बायकोला म्हटलं, "मला शिकव." ती चौथी पास. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या हातातली पेन्सिल पाहून सुनावलं, "अहो, थापी नाही ती. हलकी धरा."

ज्यांनी गाठ काढली त्या डॉक्टरबाई दर पंधरा दिवसांनी पुरवणीत आपल्या कामाविषयी लिहायच्या. मी ओळीखाली बोट ठेवून त्यांचं अक्षर न् अक्षर वाचायचो. त्या रविवारी त्यांनी एका वयस्क शिक्षकांची हकिगत लिहिली होती. शिक्षकांची छाती उघडलेली असतानाच हृदय थांबलं. बाईंनी ते मुठीत धरलं आणि दाबायला लागल्या. दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. आठव्या मिनिटाला भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "पुरे आता." बाईंनी हात बाहेर काढला. तेवढ्यात कापड सरकून शिक्षकांचा हात उघडा पडला. अंगठ्याला शाई होती. यांच्या वह्या तपासायच्या राहिल्या असतील, असं बाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी पुन्हा हात आत घातला. अकराव्या मिनिटाला हृदय मुठीत आपणहून हललं.

वाचता वाचता मला त्या शिक्षकांची काळजी लागली होती. मग शेवटची ओळ आली. भूल चढण्याआधी शिक्षकांनी विचारलं होतं, "बाई, तुम्ही काही खाल्लंय का?"

माझं बोट तिथंच थांबलं. ते मी विचारलं होतं. उपाशी माणसाला मी कधी परांचीवर चढू दिलं नाही. हात थरथरतो.

बायको भाजी निवडत होती. मी म्हटलं, "मी अकरा मिनिटं मेलो होतो?"

"हो," ती मान वर न करता म्हणाली. "बाहेर बाकावर मीच बसले होते."

"मला सांगितलं नाहीस!"

"सांगून काय? धसका घेऊन पुन्हा गेला असता, आणि मग मूठ कुणाची आणायची?" मग तिनं पुरवणी ओढून घेतली. "आणि मास्तर म्हणे! शिकवलं मी, आणि मास्तर हे!"

ती हसली, मीही हसलो, पण दुपारभर छातीवरचा हात मला काढवेना. चाळीस वर्षं मी विटेवर वीट ठेवली. माझ्या हातांचा मला गर्व होता. आणि इथं एका बाईनं माझं धडधडणं हातात घेऊन ते पुन्हा चालू केलं होतं, आणि त्याची मला खबरही नव्हती. त्यात लेखाच्या खाली बारीक अक्षरांत छापलं होतं की या लेखांचं पुस्तक निघणार आहे. पुस्तक भिंतीसारखं, एकदा उभं राहिलं की राहिलं. आणि त्यात माझ्या जागी तो मास्तर बसणार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. मी कात्रण बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी आधी कात्रण पाहिलं, मग मला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"बाबा, चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं. कुणी ओळखू नये म्हणून मास्तर केलं. मी हा लेख पुस्तकातून काढूनच टाकते."

"काढू नका!" मी इतक्या जोरात म्हटलं की बाहेरची नर्स डोकावली. "बाई, ती अकरा मिनिटं मला आठवत नाहीत. लिहिलीत तेवढीच माझ्याकडे आहेत."

मग मी म्हटलं, "हात बघू तुमचा?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. लहानसा हात, नखं अगदी बारीक कापलेली, सारखं धुऊन धुऊन कोरडी पडलेली कातडी. सिमेंटात राहिलेल्या हातासारखीच. मला तो हातात घ्यायचं धाडस होईना. "माझं काळीज कसं लागलं हाताला?"

"ढिलं. ओल्या फडक्यासारखं."

"पाणी जास्त झालेल्या सिमेंटच्या मालासारखं? मुठीत धरला तर बोटांतून निसटतो तसं?"

त्यांनी डोळे मिटले, जणू मूठ आठवत होत्या. "हो. अगदी तसंच. आणि मग एकदम आतून घट्ट झालं."

बायकोनं पदर तोंडाला लावला.

"एक विचारू? तुमच्या मनात खरंच वह्या आल्या होत्या?"

बाईंनी कात्रणातल्या वह्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. "नाही. तुमचा अंगठा दिसला. म्हटलं, या माणसानं वाचता येत नसलेल्या कागदावर नुसत्या माझ्या शब्दावर अंगठा दिला. आणि मी हात काढून घेते?"

"मग तेच लिहा की."

"लोक ओळखतील तुम्हाला."

"ओळखू देत. अंगठा देणारे गवंडी काय कमी आहेत?"

"आणि लिहायला शिकवलं कुणी, तेही लिहा," बायको म्हणाली.

बाईंनी मास्तर खोडून वर गवंडी लिहिलं. वह्यांची ओळ काढून माझ्यासमोरच नवी लिहिली, जशी बोलल्या तशी. मग एक कागद मागवला. हे छापायला माझी हरकत नाही, असा. नर्सनं माझे हात बघितले आणि कागदाबरोबर शाईचा पॅडही ठेवला. बाईंनी तो बाजूला सरकवला. "वाचा, बाबा."

दोन पानं होती. दाराबाहेर पेशंटची रांग होती. मी पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं. अवघड शब्द आला की पुन्हा मागे जात होतो. बायकोनं एकदा सांगायला तोंड उघडलं, तर बाईंनीच तिला खुणेनं थांबवलं. बाईंचा तो हात टेबलावर तसाच पडला होता, न हलता. मी घाई केली नाही. जो हात माझ्यासाठी अकरा मिनिटं थांबला, तो आणखी थोडा थांबेल, हे मला ठाऊक होतं.

शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, आणि सही केली.

बायको वाकून बघत म्हणाली, "गवंडी असून रेघ तिरकी."