नकाशातला झाकलेला थर

"पलंगावर पडल्या पडल्या नदी दिसते बघा," घर दाखवायला आलेली दलालबाई खिडकी उघडत म्हणाली. थॉमसिनने ऊझ नदीकडे बघितलं न बघितलं तोच फोन वाजला. विल्फ, तिचा नवरा.

"लीड्सची गाडी रद्द झाली, मी वर्कशॉपातच आहे. शाळेच्या पुस्तकवाल्यांना नकाशात शहराचे तट लाल हवेत म्हणे. तुझी फाइल उघडून करून टाकतो."

"हात लावू नकोस! मी आलेच."

"अगं, एका टिचकीचं काम. तू कशाला धावतेस?" आणि त्याने फोन ठेवला. ती परत लावत राहिली, तो काही उचलेना. कामाला बसला की विल्फ फोन खणात टाकतो.

दोघं मिळून यॉर्कचे व्हेक्टर नकाशे विकायचे, म्हणजे घेणाऱ्याला हवे तसे बदलता येणारे. नदी एका थरावर, तट दुसऱ्यावर, मिन्स्टर हे मोठं चर्च तिसऱ्यावर, गल्ल्याबोळ चौथ्यावर. नको तो थर झाकायचा, की मिन्स्टरसुद्धा गायब. पण झाकलेला थर फाइलीतून जात नाही. एकदा थॉमसिनने एका पाद्रीबुवांबद्दल झाकल्या थरात लिहिलेला शेरा थेट त्या बुवांच्याच हाती पडला होता. तेव्हापासून विल्फचा नियम होता: फाइल बाहेर पाठवण्याआधी सगळे थर उघडून बघायचे. तो एक वेळ जेवण विसरेल, नियम विसरणार नाही.

आणि त्या फाइलीत तिचा एक थर झाकलेला होता. नाव ‘माझं’. त्यात पाच तपकिरी ठिपके, भाड्याने मिळण्याजोगी पाच घरं, आणि प्रत्येकातून वर्कशॉपपर्यंत एक रेघ. ती काम सोडणार नव्हती, विल्फला सोडणार होती. रविवारी सांगायचं ठरवलं होतं. आधीचे कितीतरी रविवार असेच ठरवून गेले होते.

विल्फ वाईट नव्हता हो. पीत नव्हता, ओरडत नव्हता. फक्त बोलत नव्हता. तिची आई गेली त्या आठवड्यात तो शिडी लावून छपराची पन्हळ दुरुस्त करत बसला होता. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? पण त्याला हे असं, पडद्यावर, एकट्याने कळावं, हे काही तिला सोसवेना.

ती धावत सुटली. पुलावर गर्दी, पुढे छत्री उंच धरलेल्या गाइडमागे पर्यटकांची मुंग्यांसारखी रांग, आणि नाक्यावर लग्नाआधीची मौज करायला निघालेल्या नवरीच्या मैत्रिणींचा घोळका, गळ्यात गुलाबी पट्टे, हातात दिवसाढवळ्या दारूचे ग्लास.

"काकू, दमानं! नवरा काय पळून चाललाय का?" एकजण ओरडली, आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. थॉमसिनला त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

फॉसगेटवरच्या वर्कशॉपचा जिना चढताना तिला धाप लागली. विल्फ पडद्यासमोर पाठमोरा बसला होता. तट लाल झाले होते. सगळे थर उघडे होते. तपकिरी ठिपके तिला दारातूनच दिसले.

"विल्फ, मी सांगणारच होते रे."

"हं." त्याने खुर्ची वळवली नाही. "स्केल्डरगेटचं घेऊ नकोस."

"काय?"

"हे नदीकाठचं." त्याने नकाशावर पुराची निळी रेषा चढवली होती आणि थॉमसिनचा एक ठिपका त्या रेषेच्या आत बुडला होता. "तळघरात पाणी शिरतं, भिंती वर्षभर ओल्या राहतात. तुझ्या छातीला सोसायचं नाही. बूदमचं बरं आहे. ऊन येतं."

तिला रडू फुटलं. "एवढंच? तुला दुसरं काहीच म्हणायचं नाही?"

"फाइल आज जायला हवी," विल्फ म्हणाला. "तुझा थर तू काढ. मी नाही काढणार." तो उठला आणि चहाची किटली लावायला गेला.

ती त्याच्या खुर्चीत बसली. थर दुसऱ्या फाइलीत हलवण्याआधी सवयीने तिने ठिपके मोजले. सहा निघाले. सहावा हेवर्थच्या टेकाडावर, त्यांच्या स्वतःच्या घरावर होता. त्यातूनही वर्कशॉपपर्यंत रेघ आली होती, जरा वाकडी, बेकरीवरून वळसा घेणारी. तिला सकाळी तिथला गरम बन लागतो म्हणून रोज ते त्याच रस्त्याने यायचे.

थॉमसिनने बोटाने ती रेघ बेकरीपर्यंत गिरवली. तिचा राग विरघळत चालला होता आणि तिला त्याचीच भीती वाटत होती.

"विल्फ, इकडे ये." तिने सहाव्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे तोंडानं सांग. एकदाच. नकाशात नको."

तो हातात दोन कप घेऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. त्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्याने एक वाक्य बोलावं, वेडंवाकडं का होईना, आणि तिने सगळे ठिपके पुसून टाकावेत, इतकी ती तयार होती.

"तिथं पुराचं पाणी येत नाही," विल्फ म्हणाला.

ती पुढच्या वाक्यासाठी थांबली. ते आलं नाही. त्याने तिचा कप तिच्यासमोर ठेवला, दूध तिला हवं तेवढंच घातलेला.

तिने स्केल्डरगेटचा ठिपका पुसला, मग आणखी तीन. मग हेवर्थचा. बूदमचा तेवढा ठेवला, तो थर वेगळ्या फाइलीत हलवला आणि शाळेची फाइल पाठवून दिली.