शेवटचा घोडा

कापडाच्या धंद्यात तीस वर्षं काढली की माणूस कशावरच विश्वास ठेवत नाही. सुती म्हणून दाखवलेल्या ताग्याचा मी आधी एक धागा ओढून जाळतो, मग तागा उजेडात धरतो, आणि मगच व्यापाऱ्याला चहा विचारतो. धारूरच्या बाजारपेठेत मला माघारी ‘संशयअप्पा’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. म्हणू देत.

तेव्हा माझी थोरली, ईश्वरी, मला बुद्धिबळात हरवायला लागली म्हणून मी काही पेढे वाटणार नव्हतो.

तिला औरंगाबादला झटपट बुद्धिबळाच्या स्पर्धेला जायचं होतं. कॉलेजच्या चौघी मुली, तीन दिवस मुक्काम. फॉर्मवर बापाची सही लागत होती. साल दोन हजार दोन उजाडलं होतं, पण माझ्या छातीत अजून जुनीच धडधड होती. सरळ नाही म्हटलं असतं तर बायको आठ दिवस बोलली नसती. म्हणून मी पळवाट काढली. म्हटलं, “मला हरव. मग सही.”

मी निर्धास्त होतो. मला हरवणारे एकच, माझे वडील, आणि ते जाऊन, लिंगैक्य होऊन, बारा वर्षं झाली होती. ईश्वरी लहानपणापासून दुकानाच्या ओट्यावर माझ्याशी खेळायची आणि हरायची.

“खेळते,” ती म्हणाली. “पण रविदादाच्या कॅफेत, कॉम्प्युटरवर. दोघांला पाच-पाच मिनिटं.”

तिथंच मला वास यायला हवा होता.

रविचा सायबर कॅफे दुकानासमोरच. चार कॉम्प्युटर, मधे प्लायवूडचे आडोसे. मी एका आडोशाला, ती पलीकडं. माऊस मी शिकून घेतला होता. पहिल्या दिवशी मी तिचे दोन्ही हत्ती खाल्ले, उंट खाल्ले, वजीर खाल्ला, आणि मात करता करता माझी पाच मिनिटं संपली. डाव तिचा.

“ह्यो धरायचा न्हाई,” मी म्हणालो. “माझं घड्याळ पळतंय.”

दुसऱ्या दिवशी मी तिची जागा घेतली, तिला माझ्या जागेवर बसवलं. तेच झालं. तिच्याकडं एक घोडा, दोन प्यादी. माझी अर्धी फौज उभी. आणि घड्याळ शून्यावर. तिसऱ्या दिवशी बायकोला, नीलम्माला, तिच्या पाठीशी पहाऱ्यावर बसवलं. कॉम्प्युटर कानात चाली सांगतो असं ऐकलं होतं. तरीही हरलो. तोही डाव मी धरला नाही.

मी रविला गाठलं. “खरं सांग बे. पोरीला कोण शिकवतंय?”

रवि गोंधळला. “काका, शिकवतंय कोण? ती तर रोज हरती. दुपारच्याला येती, कुठल्या कुठल्या देशातल्या लोकासंग वीस डाव खेळती, अठरा हरती. मलाच वाईट वाटतं.”

आता मात्र मला पक्कं कळलं की पाणी मुरतंय. जगाशी हरणारी पोर बापाशीच कशी जिंकते? घरी येऊन नीलम्माची उलटतपासणी घेतली.

“मी काय बघणार?” ती म्हणाली. “मला घोडा तेवढा ओळखू येतो. पण खेळायच्या आधी तिनं एक वही वाचली. मग मिटून मांडीखाली ठिवली.”

वही! मी ईश्वरीसमोर हात पसरला.

“देते,” ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “पण वाचलीत तर उद्या मी हरणार, अप्पा. मग औरंगाबाद ऱ्हायलं.”

वाचली. चांगली पिळून वाचली. चार महिन्यांत ओट्यावर झालेले त्रेसष्ट डाव तिनं मांडले होते, आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न: अप्पा कुठं अडतात? सुरुवातीला उत्तरं वेगवेगळी होती. विसाव्या डावापासून एकच. ‘अप्पा शेवटचा मोहरा मारत नाहीत. तो चुकवत चुकवत प्याद्यानं मात करायला जातात. वेळ तिथं जातो.’ खाली रोजचा सराव लिहिला होता: ‘वीस डाव. मुद्दाम सगळं द्यायचं. नुसत्या घोड्यावर दोन मिनिटं तगायचं.’

पोर कॅफेत हरत नव्हती. घोडा वाचवायला शिकत होती.

लबाडी कुठंच नव्हती, आणि त्याचाच मला राग आला. माझी खोड माझ्या वडिलांची. आमच्या जुन्या खेळात समोरच्याकडं राजा आणि प्यादीच उरली की ‘बुर्जी’ होते, म्हणजे अर्धाच विजय. वडील म्हणायचे, “माणसाला उघडं करून जिंकू नये, नागप्पा. एक मोहरा त्याच्याजवळ ऱ्हाऊ दे. प्याद्यानं मात कर.” कॉम्प्युटरला बुर्जी ठाऊक नाही, तिथं खुशाल सगळं मारा. मला ते माहीत होतं. हात वळत नव्हता.

चौथ्या दिवशी मी तयारीनं बसलो. भराभर खेळलो. तिचे मोहरे गेले, घोडा उरला. माझी चाळीस सेकंद शिल्लक होती, आणि घोडा माझ्या वजिरासमोर आला. मारला की डाव माझा. औरंगाबाद रद्द. पोर घरात.

आडोशापलीकडून माऊसचा आवाज येत नव्हता. चाल माझी होती. ती वाट बघत होती, मी काय वाचलंय ते ठाऊक असून.

माऊसवर बोट ठेवून मी बसून राहिलो. त्रेसष्ट डाव. माझ्याकडं इतकं निरखून आजवर कुणी पाहिलं नव्हतं, नीलम्मानंसुद्धा नाही. मला भरून आलं, आणि भीतीही वाटली. ही पोर जाणार, हे मला त्या चाळीस सेकंदांत कळलं. औरंगाबाद नुसतं पहिलं गाव होतं.

घड्याळ शून्यावर आलं.

ईश्वरी आडोशाला वळसा घालून आली. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठंच नव्हता. डोळे बारीक केले होते तिनं.

“मुद्दाम हरलात?”

“न्हाई.”

“घोडा दिसत व्हता की तुमाला. मारला कावून न्हाई?”

“तुझ्या वहीत काय लिव्हलंय? अप्पा शेवटचा मोहरा मारत न्हाईत. मग?”

“वही वाचून मारता आला असता.”

“आला असता,” मी म्हणालो. “फॉर्म आण.”

तिनं फॉर्म आणला. रविच्या टेबलावर ठेवून मी सही केली, नागप्पा, पूर्ण अक्षरांत. तिनं तो उचलला. कॅफेच्या दारात गेली, कागद उन्हात धरला, आणि सही दोन्ही बाजूंनी नीट तपासून बघितली.