काठोकाठ भरलेले घंगाळ

मी एक जुने घंगाळ आहे, मित्रांनो. अस्सल तांब्याचे, पोटाने मोठे आणि दोन बाजूंना दोन भक्कम कड्या असलेले. तुमच्यापैकी काहींनी घंगाळ पाहिलेही नसेल. आमच्यात अंघोळीचे पाणी काढत आणि ते तांब्या-तांब्याने अंगावर घेत. हल्ली रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या बादल्या निघाल्या आहेत, पण त्यांचे कौतुक माझ्यापुढे करू नका. त्या पडल्या की तडकतात आणि उन्हात राहिल्या की फिकट होतात. मी मात्र इतक्या वर्षांत एकदाही गळले नाही. हे सांगताना मला अजून ऐट येते. त्या ऐटीपायी माझ्या हातून काय झाले, तेच आज सांगायचे आहे.

सोलापुरात कसब्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवले. त्याच्या दुकानात मी फार दिवस राहिले नाही. बसलिंगप्पा नावाच्या गृहस्थांनी स्टेशनजवळ ‘नीलगंगा’ नावाचे लॉज काढले आणि न्हाणीघरासाठी मला विकत घेतले. हे अप्पा घरी कानडी बोलत आणि गिऱ्हाइकांशी मराठी. त्यांच्या दारावर पाटी होती: ‘राहणे, न्याहरी, दोन वेळचे जेवण, दोन चहा आणि अंघोळीस घंगाळभर पाणी. सर्व एकाच दरात.’ शेजारची लॉजे माणशी एक बादली देत. आमच्याकडे अडीच घागरी पाणी माझ्यात काठोकाठ भरून पुढे येई. उतारू खूश होत आणि पुन्हा सोलापुरात आले की आमच्याच दारात उतरत. मित्रांनो, पाटीवर माझे नाव होते. त्या दिवसांत माझ्याइतके गर्विष्ठ भांडे साऱ्या पेठेत नसेल.

मला भरण्याचे काम निंगव्वाकडे होते. ती मागच्या गल्लीत राहायची. उंच, काटक बाई, बोलायला कमी. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीतून ती घागरी भरभरून न्हाणीघरात आणी, टाकी उतरली की गल्लीतल्या आडावरून पाणी ओढून ती पुन्हा भरी आणि दुपारी मला चिंच नि राखेने घासून लखलखीत करी. पगाराशिवाय तिला रोज संध्याकाळी टाकीतल्या दोन घागरी घरी न्यायच्या, असे ठरलेले होते. तेव्हा त्या दोन घागरींना कोणी विचारत नव्हते.

मग बहात्तर सालचा पावसाळा कोरडा गेला. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात गल्लीतल्या आडात नुसता गाळ उरला आणि नळ चार दिवसांनी एकदा, तासभर यायला लागला. शेजारच्या लॉजांनी बादलीची अर्धी बादली केली. अप्पांना मात्र ते जमेना.

“पाव्हण्याला पाणी मोजून द्यायचं म्हणजे लॉज बंद केल्यालं बरं,” ते म्हणत. निंगव्वाला त्यांनी बजावले होते, “पाण्याची अडचण पाव्हण्यासमोर बोलायची नाही बघ. आपलं आपल्यात.”

मला अप्पांचे हे बोलणे फार आवडे. मी काठोकाठ भरत राहिले.

निंगव्वाच्या घरी तेव्हा तिची मुलगी सावित्रम्मा बाळंतपणाला आली होती. जावई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता. मुलगी झाली. आता त्या दोन घागरींत बाळंतीण, बाळ, पिणे, रांधणे आणि धुणे एवढे सगळे भागवायचे होते. निंगव्वा स्वतः तोंडावर ओला हात फिरवून कामाला येई. ती मला घासायला बसली की मला ते दिसे.

बाळ नऊ दिवसांचे झाले त्या दिवशी अकलूजहून एक कुटुंब आले. एकूण अकरा माणसे. घरचे कर्ते महिपती, त्यांची म्हातारी आई मथुराबाई, दोन भाऊ, बायका आणि मुले. चार दिवस सोलापूर पाहायचे, किल्ला, तळे, सिद्धरामेश्वराचे देऊळ करायचे आणि चादरी घेऊन परत जायचे, असा बेत होता. महिपतींनी पैसे आधीच भरले आणि सगळ्यांना सांगितले, “आता हितं कशाला काय द्यायचं न्हाय. सगळं त्यातच हाय.”

एवढे ऐकल्यावर त्या कुटुंबाला जणू पंखच फुटले. मुलांनी शेंगापोळ्या मागून घेतल्या आणि अर्ध्या टाकल्या. ज्यांना चहा आवडत नव्हता त्यांनीही आपले दोन चहा सोडले नाहीत. वाईट माणसे नव्हती ती. निंगव्वाशीसुद्धा गोड बोलत. पण त्यांच्या गावाला कालव्याचे पाणी होते. घरी ती पाण्याच्या मोटारीच्या धारेखाली न्हात आणि सांडलेले पाणी उसाला जाई, त्यामुळे पाणी वाया जाते म्हणजे काय हे मुलांना ठाऊकच नव्हते.

पहिल्या दिवशी मथुराबाई न्हाणीत पाटावर येऊन बसली. निंगव्वाने माझ्यात सव्वा घागर ओतली आणि हळूच विचारले, “एवढं पुरंल का, अव्वा? लागलं तर आणि देते की.”

“अर्धं?” मथुराबाई म्हणाली. “आमी पैसं अर्धं दिल्यात व्हय? भर की वरपर्यंत.”

निंगव्वाने मला वरपर्यंत भरले.

“तुला सांगते,” मथुराबाई हसून म्हणाली, “माझं म्हायेर सांगोल्याकडं. लई कोरडं रान. पोरपणी तांब्याभर पाण्यात न्हायले मी. कालवा आला तवा पस्तिशी उलटून गेली हुती. आता भरलं भांडं दिसलं की जीव निवतो माझा.”

तिने जेमतेम निम्मे पाणी अंगावर घेतले. उरलेले तिने मला कलंडवून मोरीत सोडून दिले, कारण एकाच्या अंघोळीतून उरलेले पाणी दुसऱ्याने घ्यायचे नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. मग तिच्यामागून दहाजण आले. दहा वेळा मी काठोकाठ भरले आणि दहा वेळा निम्मे मोरीत गेले. पाणी मोरीत जाताना मोठा आवाज होई. न्हाणीच्या दारात रिकामी घागर घेऊन उभी असलेली निंगव्वा खाली बघत राही.

मला तेव्हा वाईट वाटले का? खोटे कशाला बोलू? मथुराबाईने माझ्या कडीवरून हात फिरवून ‘भांडं लई झ्याक हाय’ म्हटले होते, आणि मी त्यातच गुंग होते.

दुसऱ्या दिवशी किल्ला पाहून सगळे धुळीने माखून आले आणि संध्याकाळी पुन्हा न्हायले. त्या दिवशी अप्पांनी निंगव्वाला एकच घागर नेऊ दिली. “उद्या नळ येणार. उद्या तीन ने,” ते म्हणाले. तिने मान हलवली.

तिसऱ्या दिवशी नळ आला नाही. निंगव्वाने तीनदा तोटी फिरवून पाहिली आणि “नीरु इल्ला,” पाणी नाही, असे ती स्वतःशीच पुटपुटली. टाकीत तळाचे पाणी उरले होते. दुपारी अप्पा अंगणात आले तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी राहिली. इतक्या वर्षांत तिने त्यांच्याकडे काही मागितल्याचे मी ऐकले नव्हते.

“अप्पा, उद्या नातीचा बारावा दिवस. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचंय, नाव ठेवायचंय. घरात प्यायला तांब्याभर हाय फक्त. माझ्या दोन घागरी आज द्या.”

अप्पांनी वाकून टाकीत पाहिले. त्यांनाही नातवंडे होती. पण माडीवर अकरा माणसे होती आणि दारावर पाटी होती.

“उद्या सकाळी पाव्हणे जाणार हायत,” ते म्हणाले. “त्यांची एवढी अंघोळ निभावून नेऊ. नंतर उरलं ते सगळं तुझं.”

“उरत नाही, अप्पा,” निंगव्वा म्हणाली.

तिने हातातले काम पुरे केले, मला पालथे घालून ठेवले आणि स्वतःची घागर घेऊन ती भर उन्हात निघून गेली. गावाबाहेर कोसभरावर एक खोल विहीर होती आणि तिच्या तळाशी बायका वाटीवाटीने पाणी भरत, हे मी अंगणातल्या बोलण्यात ऐकले होते. आत पाणी नसताना मला इतके जड कधी वाटले नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी निंगव्वा आली नाही. अप्पांनी स्वतः घागर खांद्यावर घेतली आणि धापा टाकत मला भरले. त्यांच्या धोतरावर पाणी सांडत होते. मथुराबाई पाटावर येऊन बसली होती.

“तुमी का भरताय? ती बाई कुटं हाय?” तिने विचारले.

“येईल,” अप्पा म्हणाले. “तुमी अंघोळ करून घ्या.”

एवढ्यात मागच्या दारात एक तरुण मुलगी उभी राहिली. डोक्याला फडके घट्ट बांधलेले, चेहरा पांढराफटक, छातीशी लुगड्यात गुंडाळलेले मूल आणि दुसऱ्या हातात घागर. ती सावित्रम्मा होती. बारा दिवस पुरे झाल्याशिवाय बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, असे त्यांच्याकडे मानतात. ती उंबरा ओलांडून, गल्ली चालून आली होती.

“आई काल इहिरीत पायरीवरनं पडली, अप्पा,” ती म्हणाली. “बायकांनी वर काढली. मांडीचं हाड मोडलंय म्हणतात. आईनं निरोप दिलाय. दोन घागरींचं राहू द्या, पण तिच्या जागी दुसरी बाई ठेवू नका. ती उठेपर्यंत मी भरते.”

आणि मूल पायरीवर अंथरलेल्या फडक्यावर ठेवून तिने खरोखरच घागर टाकीत घातली.

मथुराबाई पाटावरून उठली. “कशाला गेलती ती इहिरीवर?” तिने विचारले.

अप्पांनी खाली मान घालून सगळे सांगितले. नळाचे सांगितले, दोन घागरींचे सांगितले, बाराव्या दिवसाचे सांगितले. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला. मथुराबाई भिंतीला धरून उभी होती. तिने एकदा मोरीकडे पाहिले आणि एकदा माझ्याकडे. त्या वेळी मी काठोकाठ भरलेले होते आणि मला माझ्या भरलेपणाची लाज वाटली. जन्मात पहिल्यांदा वाटली.

“घागर ठेव, पोरी,” ती म्हणाली. “ते लेकरू आण हितं.”

सोयर-सुतक कडक पाळणारी ती म्हातारी न्हाणीत खाली बसली, पाय लांब केले आणि बारा दिवसांच्या त्या बाळाला पायांवर घेऊन तिने न्हाऊ घातले. ओंजळीने पाणी घेऊन, एक थेंब बाहेर जाऊ न देता. हे ती कुठे शिकली होती ते मला ठाऊक होते. तीन दिवस ती विसरली होती, एवढेच. माडीवरून महिपतींनी हाक मारली, “आये, झालं का? आमाला न्हायचंय.” तिने उत्तर दिले, “आज कुणी न्हायाचं न्हाय.” नंतर तिने सावित्रम्माला पाटावर बसवले आणि तिच्या डोक्यावरून पाणी घातले.

दोघींचे झाले तरी माझ्यात निम्मे पाणी उरले होते. मथुराबाईचा हात सवयीने माझ्या कडीला गेला आणि तिने मला कलंडवायला घेतले. सावित्रम्माने पटकन तिचा हात धरला.

“ते टाकू नका, आजी,” ती म्हणाली. “ते घरी नेते मी. आईला प्यायला न्हाय.”

मथुराबाईने कडी सोडून दिली. ओल्या फरशीवर बसून ती तोंडाला पदर लावून रडली, आणि सावित्रम्मा तांब्या-तांब्याने माझ्यातले पाणी आपल्या घागरीत भरत राहिली.

पाहुणे त्या दिवशी गेले. जाताना मथुराबाईने बाळंतिणीसाठी नवे लुगडे ठेवले आणि निंगव्वाच्या घरी जाऊन तिचे पाय धरले, असे अप्पा कोणाला तरी सांगत होते. पण लुगड्याने हाड जुळत नाही, मित्रांनो. निंगव्वा काठी धरून चालायला लागली, घागर मात्र तिला पुन्हा उचलता आली नाही. सावित्रम्मा सासरी परत जाऊ शकली नाही. तिची मुलगी आमच्या अंगणातच रांगायला शिकली आणि आई तिच्याजवळून दिवसभर घागरी घेऊन ये-जा करत राहिली. अप्पांनी पाटीवरचे माझे नाव पुसून टाकले. मला त्याचा राग आला नाही.

आता मी कोठीत आहे आणि माझ्यात कांदे भरून ठेवतात. इथे निवांत बसून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात घोळवते. त्या माणसांनी चोरी केली नव्हती. त्यांनी दर भरला होता, आणि दर भरला की पुढे आलेले सगळे आपलेच, असे कोणालाही वाटते. म्हणून तुम्हांला माझी विनंती आहे. कुठे पाहुणे म्हणून गेलात आणि कोणी तुमच्यापुढे भरलेले भांडे ठेवले, तर आपल्याला त्यातले किती लागते हे आधी स्वतःला विचारा. आणि ते भरून आणणाऱ्या माणसाला विचारा, की बाई, तुमच्या घरी पाणी आहे का? मथुराबाईने चौथ्या दिवशी विचारले. तुम्ही पहिल्या दिवशी विचारा.