बगळ्याचे पाय

विद्यापीठाच्या संग्रहालयात मी तीस वर्षं सांगाडे जोडले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बगळा जोडताना डावा पाय उजवीकडे बसवला आणि उजवा डावीकडे. लक्षात आलं तोवर पेटीला काच लागली होती आणि सांगायची छाती झाली नाही. तेव्हापासून त्या पेटीसमोरून मी मान खाली घालून जायचो.

निवृत्तीच्या दिवशी मनाचा हिय्या केला आणि संग्रहालयाच्या प्रमुख बाईंकडे पेटीची किल्ली मागितली.

"पाय बदलायचेत ना?" त्या म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

त्यांनी कपाटातून जुन्या वह्यांचा गठ्ठा काढला. दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच तासाला त्या पेटीसमोर बसवून एकच प्रश्न विचारायचे म्हणे: यात काय चुकलंय? प्राणिशास्त्राची मुलं असोत की चित्रकलेची, वहीवहीत तोच बगळा आणि पायांभोवती पेन्सिलीचा गोल. एका वहीवर खुद्द बाईंचं नाव होतं.

"नीट बघायला मी इथेच शिकले," त्या म्हणाल्या.

मी भडकलोच. "अहो, मग तीस वर्षांत मला एकानेही सांगू नये?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं, काका."